मोहरील सरांची भट्टी आणि तिचा साक्षीदार

आदरणीय विनायकराव मोहरील सरांशी माझी पहिली ओळख भांडणाने झाली. अमरावतीच्या तंत्रशिक्षण संस्थेत मी वेल्डिंग शाखेला प्रवेश घेतला, तेव्हा त्या शाखेत मुलगी म्हणून मी एकटीच होते आणि सर तिथले निदेशक होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला भट्टीसमोर उभं केलं, आत तापत असलेल्या पितळेच्या तुकड्याकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "रंग कोणता?" मी म्हणाले, "लाल." सर म्हणाले, "लाल हा रंग नाही, लाल हा मोहल्ला आहे. त्यातलं घर कोणतं ते सांगा." मला वाटलं, मुलगी पाहून टिंगल चालली आहे. मी सरळ म्हणाले, "सर, मले शिकवाचं असंन त शिकवा, कोडी नका घालू." सगळ्या पोरांनी हातातलं काम थांबवून आमच्याकडे पाहिलं. सर मात्र हसले आणि म्हणाले, "बरं, मग तुमच्या गावात लाल काय काय असतं, ते सांगा." मी रागारागातच सांगितलं: पिकलं बोर, डाळिंबाचा दाणा, पळसाचं फूल. सरांनी तिन्ही नावं फळ्यावर लिहिली. त्या दिवसापासून आमच्या वर्कशॉपात तापलेल्या धातूचे हेच तीन रंग धरले जाऊ लागले.

मी सुलभा गावंडे. अकोल्यात फवारणी पंपाच्या पितळी नळ्या बनवण्याचा लहानसा कारखाना चालवते. सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त विद्यार्थी मंडळ गौरवग्रंथ काढत आहे, आणि मंडळाने मला बजावलं आहे की लेख भारदस्त झाला पाहिजे. भारदस्तपणा माझ्या स्वभावात नाही हे सरांना चांगलं ठाऊक आहे. मंडळाला दोन पानांत कळेलच.

ज्या वाचकांचा लोखंडाशी संबंध दाराच्या कडीपुरताच येतो, त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. आम्ही जे जोडकाम करतो त्याला ब्रेझिंग म्हणतात. यात जोडायचे दोन तुकडे वितळवायचे नसतात. दोघांच्या मधल्या फटीत लवकर वितळणाऱ्या धातूची काडी सोडायची, म्हणजे ती पाण्यासारखी आत पसरते आणि निवली की दोघांना धरून ठेवते. उष्णता कमी पडली तर काडी पसरत नाही. जास्त झाली तर पितळेतलं जस्त पांढरा धूर होऊन उडून जातं आणि जोडाला आतून भोकं पडतात. भाकर कच्ची राहू नये आणि करपूही नये, एवढाच हा प्रश्न आहे, पण भाकर करपली तर कावळ्याला टाकता येते.

सरांचं मोठं काम म्हणजे त्यांनी या कामासाठी तयार केलेली भट्टी. त्यांनी ती हाती घेतली तेव्हा आपल्या वऱ्हाडातल्या लहान कारखान्यांची अडचण अशी होती की काम रोज बदलायचं. आज बोटाएवढी नळी, उद्या कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगचं तडकलेलं चाक. लहान कामाला मोठी भट्टी पेटवली तर तेल फुकट जायचं, आणि मोठं काम लहान भट्टीत मावायचंच नाही. शिवाय वीज तिच्या मर्जीने येणार आणि तेल जे मिळेल ते वापरावं लागणार. सर म्हणत, "कामाने भट्टीच्या मागे का जावं? भट्टी कामाप्रमाणे बदलली पाहिजे." म्हणून त्यांनी भट्टीची मागची भिंत दोन रुळांवर बसवली. स्क्रू फिरवला की विटांची ती भिंत पुढे-मागे सरकते आणि आतली जागा लहान-मोठी होते. तेलाची धार बारीक-मोठी करायला सुईचा नळ, वाऱ्याला झडप. वारा मोटरच्या पंख्याने, आणि वीज गेली की हाताच्या दांड्याने. तेल, वारा आणि जागा, या तिन्ही गोष्टी कारागिराच्या हातात हव्यात, हे त्यांचं वाक्य त्यांच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ आहे. मला तर ते झोपेतही म्हणता येईल.

अकोटला ऐन हंगामात एका जिनिंगचं बिडाचं चाक तडकलं होतं. नवीन चाक यायला वेळ लागणार, आणि बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. सर टेम्पोत भट्टी घालून घेऊन गेले, मागची भिंत पार शेवटपर्यंत सरकवली आणि चाक आत ठेवलं. अर्ध्यात वीज गेली. हाताचा दांडा फिरवायला मालक स्वतः पांढरेशुभ्र कपडे घालून पुढे आले. त्यांना घाई फार. सर शांतपणे म्हणत होते, "शेठ, हळू. आग आहे, बैल नाही." चाक जुळलं, हंगाम निघाला. मालकांचे कपडे मात्र पुन्हा पांढरे झाले नाहीत, असं ऐकते.

रेशनचं रॉकेल बंद झालं तेव्हा अनेकांनी आपल्या भट्ट्या भंगारात काढल्या. सरांनी तेलाची नळी भट्टीच्या गरम भिंतीला वेटोळं घालून फिरवली. त्यामुळे घट्ट तेलही आत जाताना पातळ होतं आणि डिझेल, जळकं ऑइल, काहीही चालतं. एकदा अमरावतीला घरच्या अंगणात त्यांनी सरकीच्या तेलावर प्रयोग केला. गल्लीभर भजी तळल्याचा वास सुटला. शेजारच्या बाई दारात येऊन मालतीकाकूंना, म्हणजे सरांच्या पत्नींना, विचारू लागल्या, "काही कार्य आहे का हो?" काकू म्हणाल्या, "हो ना, आमच्या भट्टीचं लग्न आहे. आम्हाला मात्र जेवायला काही नाही."

भट्टीचे नकाशे सरांनी कधी कुलपात ठेवले नाहीत. अकोल्यातल्या एका गृहस्थांनी ती हुबेहूब उचलली आणि स्वतःच्या नावाची पाटी लावून विकायला सुरुवात केली. मला संताप आला. मी सरांना म्हटलं, "चला, त्याले दाखवतोच आता." सर आले. दुकानात शिरले, भट्टीकडे वाकून पाहिलं आणि त्या गृहस्थांना म्हणाले, "तुमचा तेलाचा नळ उलटा बसला आहे. असा विकाल तर एखाद्याच्या मिशा जळतील." पान्हा मागून घेतला आणि स्वतः नळ सुलटा करून दिला. मी तिथे भांडायला गेले होते आणि कंदील धरल्यासारखी टॉर्च धरून उभी राहिले. 

माझ्यावर सरांचे जे उपकार आहेत त्यातला एक सांगते. माझं शिक्षण संपत आलं तेव्हा वडिलांनी निरोप धाडला की आता पुरे, घरी ये. आमचं गाव अकोटजवळ, काळ्या मातीतलं, शेती करणाऱ्या लोकांचं. सर एसटीने गावी आले. वडिलांनी त्यांना ओसरीवर बसवलं आणि तोंडावरच सांगितलं, "गुर्जी, पोरगी आगीत काम करन त लोकं काय म्हनतीन?" सर म्हणाले, "चुलीपाशी बसलेली पाहून लोक काय म्हणतात? तीही आगच आहे. उलट माझ्या भट्टीचा धूर कमी आहे." वडील हसले की नाही ते आठवत नाही, पण त्यांनी आईला भाकर आणि ठेचा वाढायला सांगितलं. सर शहरी घरातले. पहिल्या घासाला त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या, तरी त्यांनी ताट पुसून खाल्लं. दुसऱ्या दिवशी वडील मला म्हणाले, "जाय व माय. ज्यानं तुह्या मायचा ठेचा खाल्ला, त्याच्यावर भरवसा ठेवाले हरकत नाई."

आता ज्या गोष्टीसाठी मी लेखणी हातात घेतली, तिच्याकडे येते. ती लिहू का, असं मी सरांना आधी विचारलं. सर म्हणाले, "तीच लिही. बाकीचं छापलं नाही तरी चालेल."

निवृत्तीनंतर सर दर आठवड्याला अमरावतीहून माझ्या कारखान्यात येत. नवीन लॉट सुरू करताना भट्टी लावून देणं आणि नळ्यांचा रंग पाहून "काढा" म्हणणं हे काम त्यांचं. आमच्या नळीला चांदी मिसळलेली काडी लागते. ती बोराच्या रंगावर पसरते, डाळिंबाच्या रंगापर्यंत जायचं नसतं. माझ्या कारखान्यातल्या बायका सरांच्या "काढा"वरच हात उचलत. मी कितीदा तरी म्हटलं असेल, सर, तापमानाचा काटा बसवू या. उत्तर ठरलेलं होतं: "काटा बिघडतो. डोळा बिघडत नाही." सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, असं मी तोंडावर म्हणायची आणि सर हसायचे.

एका पावसाळ्यात, कपाशीची मोठी फवारणी तोंडावर आली असताना, आमच्या गावचे शालिकभाऊ कारखान्यात आले. शालिकभाऊ लोकांच्या शेतात फवारणीचं काम करतात. त्यांनी नळी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "सुलभाताई, तुमची नळी गळून राहिली. औषध सारं हातावर येते." मग उजवा तळहात उघडून दाखवला. कातडी सोलून निघाली होती आणि बोटं पूर्ण वळत नव्हती. "परवा चक्कर आली, त धुऱ्यावरच बसून राह्यलो," ते म्हणाले. (धुरा म्हणजे शेताचा बांध.) मी हातमोज्यांचं विचारलं. "त्या गरमीत कोन घालते व माय हातमोजे? अन् पयले नळी गळाले नाई पाह्यजे ना." त्यांचं बरोबर होतं.

माझ्याकडची प्रत्येक नळी हवा भरून पाण्यात बुडवली जाते आणि बुडबुडा आला तर बाजूला काढली जाते. ही नळीही पास झालेली होती. मी करवतीने जोड कापला. आत बारीक बारीक भोकं होती. जोड जास्त तापला होता हे आंधळ्यालाही कळलं असतं. मग तो पास कसा झाला? काडी नीट पसरावी म्हणून जोडाला आम्ही सुहागा, म्हणजे टाकणखार, लावतो. तो भोकांत शिरून काचेसारखा घट्ट बसला होता, म्हणून आमच्या टाकीत बुडबुडा आला नाही. शेतात रोज पाण्यात भिजून सुहागा विरघळला आणि वाट मोकळी झाली. म्हणजे त्या लॉटची प्रत्येक नळी माझ्या टेबलावर चांगली आणि शेतात विषारी. आणि तो सगळा लॉट अकोटच्या बाजूच्या कृषी केंद्रांत जाऊन विकलाही गेला होता. पावसाने उघाड दिली की सगळे एकदम फवारणीला निघणार होते.

तो लॉट सरांच्याच "काढा"वर निघाला होता. पुढच्या वेळी सर आले तेव्हा मी त्यांना काही सांगितलं नाही. लॉट लावायला सांगितला आणि त्यांच्या खांद्यामागे उभी राहिले. बोर आलं. सर गप्प. डाळिंब दिसू लागलं, जोडावरून पांढरा धूर निघाला. सर म्हणाले, "अजून थोडं. बोर आलं नाही अजून."  मी म्हणाले, "सर, डाळिंब झालं." ते माझ्याकडे वळून म्हणाले, "माझ्या भट्टीपाशी मला रंग शिकवतेस?" मी म्हणाले, "धूर पाहा ना सर." ते म्हणाले, "तेलात पाणी असेल." चहा न घेता ते मिळेल त्या बसने अमरावतीला निघून गेले.

मी काकूंना फोन लावला आणि सरांना नीट दिसतं का, असं विचारलं. काकूंनी एकदम सरबत्तीच सुरू केली. "अगं, माझ्या डोक्याला ताप झालाय. कित्येक दिवस झाले, धोब्याशी भांडतायत, पांढरे सदरे पिवळे धुतो म्हणून. काल मला म्हणाले, साध्या भातात हळद कशाला घातलीस? आणि दिवा लावलेला असताना म्हणतात, दिवा लाव." मी फोन ठेवला. मोतीबिंदू इतका हळू येतो की ज्याला येतो त्यालाच कळत नाही. सरांना सगळं अंधुक आणि पिवळट दिसत होतं, म्हणून आयुष्यभर ओळखीचा असलेला तो बोराचा रंग दिसेपर्यंत ते थांबत होते. त्यांना बोर दिसायचं तेव्हा आत पितळ जळत असायचं. या धंद्यात ज्याची नजर सगळ्यांत पक्की, त्याच्याच हातून अशी चूक होऊ शकते, कारण त्याला कुणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी मी कापलेली नळी घेऊन अमरावतीला गेले. बोलायचं बरंच ठरवलं होतं, पण नळी त्यांच्या हातावर ठेवली आणि धोब्याचं तेवढं बोलले. सरांनी जोडावरून अंगठा फिरवला. भोकं बोटाला लागली. मग त्यांनी काकूंना हाक मारली आणि अंगातला सदरा दाखवून विचारलं, "हा पांढरा आहे?" काकू म्हणाल्या, "दुधासारखा." सरांनी नळी खाली ठेवली. नंतर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "त्या माणसाचा हात कसा आहे?" मी सांगितलं. दुसरा प्रश्न, "फवारणी कधी सुरू होईल?" मी म्हणाले, "उघाड मिळाली की." सर उठले. "मग चल."

आधी ऑपरेशन करून घ्या म्हणून काकू आणि मी, दोघींनी विनवलं. सर म्हणाले, "डोळा थांबेल. फवारणी थांबणार नाही."

माझ्या टेम्पोत बसून आम्ही कृषी केंद्रं पालथी घातली. नळी कुणाकुणाला विकली ते दुकानदारांकडून समजून घेतलं आणि त्या गावांना गेलो. चिखल मी म्हणत होता. प्रत्येक घरी सर हात जोडून एकच सांगत, "ही नळी सदोष आहे. जोड मी तापवला होता. माझे डोळे अधू झालेत, ते मला कळलं नाही. नळी परत द्या, हिने फवारू नका." मी वैतागले. दोन गावं झाल्यावर म्हणाले, "सर, कारखाना माझा आहे, माझं नाव सांगा. तुमचं कशाला?" सर म्हणाले, "भट्टी कुणाच्या नावाने ओळखतात?" एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने नळी उलटसुलट फिरवून पाहिली आणि म्हटलं, "नळी त चांगली दिसते, सर." सर म्हणाले, "मलाही चांगलीच दिसली होती."

शेवटी शालिकभाऊंच्या घरी गेलो. सरांनी त्यांचा हात मागितला, डोळ्यांजवळ नेला आणि नीट दिसेना म्हणून बोटांनी चाचपून पाहिला. शालिकभाऊ संकोचले. म्हणाले, "सर, तुमाले दिसत नाई, त येवढ्या चिखलात कावून आले? ताईले धाडलं असतं." सर म्हणाले, "मला दिसत नाही, म्हणूनच मला यायला हवं होतं." 

उघाड मिळायच्या आत बहुतेक नळ्या परत आल्या आणि राहिलेल्या दुकानदारांनी गोळा करून पाठवल्या. आणखी कुणाच्या हाताला इजा झाली नाही. मग अमरावतीला सरांचं ऑपरेशन झालं आणि उत्तम झालं. काकूंनी सांगितलं की दिसायला लागल्यावर सरांनी धोब्याला घरी बोलावून चहा पाजला. पण अकोल्याला यायचं नाव काढेनात. मी न्यायला गेले तर म्हणाले, "जो डोळा एकदा फसला तो पुन्हा फसेल. भट्टीचं आणि माझं संपलं." मी चिडले, रडले, नाही नाही ते बोलले. सर ऐकून घेत आणि काकूंना चहा टाकायला सांगत. मी भट्टी बंद ठेवली. नव्या नळ्यांचा रंग पाहून "काढा" कुणी म्हणायचं? मी म्हणू शकले असते, पण माझे डोळेही काही कायमचे नाहीत, हे आता माझ्या मनातून जात नव्हतं. सरांचं आयुष्यभराचं काम असं एका लॉटवर संपणार, याचं मला फार दुःख होत होतं.

मी पुन्हा एकदा विनवण्या करायला गेले होते, त्याच दिवशी शालिकभाऊ गुरुकुंज मोझरीच्या आश्रमात दर्शनाला जाता जाता पत्ता विचारत सरांच्या दारात आले. त्यांनी न सांगताच हात पुढे केला. नवी कातडी आली होती. सरांनी तो हात पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिला. शालिकभाऊ म्हणाले, "सर, मले नळी पाह्यजे."

"बाजारात आहेत की," सर म्हणाले.

"बाजारची घेतली. फवारा फाटते. वारं आलं का सारं तोंडावर. मले तुमचीच पाह्यजे, फक्त गळाले नाई पाह्यजे."

सर थोडे चढ्या आवाजात म्हणाले, "माझ्या डोळ्यावर भरवसा ठेवून पुन्हा हात जाळून घ्यायचाय तुम्हाला?"

"तुमच्या डोयाचं कोन म्हनते?" शालिकभाऊ शांतपणे म्हणाले. "डोया त म्हातारा होनच. माहाबी होन. भट्टीले काई करा ना."

ते चहा पिऊन मोझरीला निघून गेले. सर अंगणात येरझारा घालत राहिले आणि मग माझ्याकडे पेन्सिल मागितली.

त्यांनी भट्टीत जी सुधारणा केली ती आज वऱ्हाडातल्या बऱ्याच कारखान्यांत दिसते. नळीच्या जोडाशेजारी, तेवढ्याच उष्णतेत, मातीच्या लहान खाचेत जोडकाडीचाच एक तुकडा ठेवायचा. त्या तुकड्यावर बाहेरून आलेल्या तारेचं टोक टेकवायचं आणि तारेच्या बाहेरच्या टोकाला सायकलची घंटी. आत काडी वितळली की तार खाली पडते आणि घंटी वाजते. घंटी वाजली, नळी काढली. सरांनी त्या तुकड्याला साक्षीदार असं नाव दिलं. तो जोडकाडीचाच असल्यामुळे, तेल कोणतंही असो, भिंत कुठेही सरकवलेली असो, वितळायचा तेव्हाच वितळतो. नळ्या आता आधी गरम पाण्यात उकळून सुहागा काढतो आणि मगच तपासतो, तीही सरांचीच सूचना.

पहिल्या चाचणीला सर भट्टीकडे पाठ करून उभे राहिले. त्यांना आगीकडे पाठ करून उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. घंटी वाजली, सर न वळताच म्हणाले, "काढा." मी जोड कापला. आत एकही भोक नव्हतं. मला आनंद झाला की माझी जीभ सैल सुटते. मी म्हणाले, "सर, म्हणजे आता तुमच्या डोळ्याची गरज उरली नाही." सर म्हणाले, "त्यासाठीच केलं." लोक म्हातारपणी आपलं नाव मागे राहावं म्हणून धडपडतात. सरांनी आपली नजर आपल्याच भट्टीतून वजा केली, आणि तेही हसत. या एका गोष्टीसाठी मी त्यांना वाकून नमस्कार करते.

नवीन नळी शालिकभाऊंना द्यायला सर स्वतः आले. कपाशी कमरेला लागली होती. शालिकभाऊंनी पंपात औषध कालवलं. सर म्हणाले, "आधी साधं पाणी भरून पाहू. एक तास घालवा, हात पाहा, मग औषध." शालिकभाऊ म्हणाले, "पानी कायले?" आणि पंप पाठीवर घेऊन ओळीत शिरले. आम्ही दोघं धुऱ्यावर उभे. शालिकभाऊ लांब जात राहिले, दुसऱ्या ओळीने परत येऊ लागले. सर त्या उजव्या हाताकडे पाहत होते, पापणीही लववत नव्हते. शालिकभाऊंनी मात्र एकदाही हाताकडे पाहिलं नाही. आमच्यापाशी पोहोचले, नळ बंद केला आणि त्याच उजव्या तळहाताने कपाळावरचा घाम पुसला, डोळ्यांवरून, तोंडावरून, पार गळ्यापर्यंत. सर "अहो, अहो" म्हणत पुढे धावले. शालिकभाऊंनी त्यांच्याकडे नवलाने पाहिलं आणि म्हणाले, "काय झालं, सर?"

 सरांच्या डोळ्यांना पाणी आलं तेव्हा ते मला म्हणाले, औषधाचा वास लागला. सर, वारा उलट्या दिशेचा होता.

तुमच्या नव्या डोळ्यांना आणि आमच्या काकूंच्या संयमाला पुष्कळ वर्षं लाभोत. तुमची तब्येत ठणठणीत राहो, आणि तुमच्या भट्टीतून निघालेली नळी हातात घेऊन प्रत्येक हंगामात कुणी ना कुणी असाच, काही विचार न करता, तोंडावरचा घाम पुसत राहो.